व्हिडिओ बघून घरी योगासनं: आपलं चुकतंय हे कळणार कसं?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला प्रश्न विचारते आहे.

मी चिपळूणपासून अठरा किलोमीटरवरच्या गावात राहते. वय ४६, शाळेत क्लार्क आहे. गेले आठ महिने रोज सकाळी व्हिडिओ लावून योगासनं करते. गावात योगवर्ग नाही. चिपळुणात आहेत, पण ते सकाळी सहाला सुरू होतात आणि आमच्याकडून पहिली एस्टी साडेसहाची. संध्याकाळी घरचं सगळं असतं. म्हणजे व्हिडिओ किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय माझ्यापुढे आहेत.

पाचला उठते. नळाला पाणी साडेसहाला येतं, त्याआधीचा पाऊण तास माझा. माजघरात चटई घालते, समोर पाट, पाटावर तांदळाचा डबा आणि डब्याला टेकवून मोबाइल. सासूबाई शेजारी जपाला बसलेल्या असतात. या आठ महिन्यांत माझी कंबरदुखी थांबली, झोप लागायला लागली, शाळेचा जिना चढताना धाप लागत नाही. तेव्हा बंद करा असं कृपया कुणी सांगू नका, ते मी करणार नाही.

पण दीड महिन्यापासून उजवं मनगट दुखतंय. व्हिडिओतल्या बाई बारा सूर्यनमस्कार घालतात, त्यांच्याबरोबर मीही घालते. पर्वतासनात (तळहात-पाय जमिनीवर, कंबर वर) माझं डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये खाली असतं, तेव्हा स्क्रीन दिसतच नाही. त्या काय करतायत ते बघायला मान वळवली की खांद्यापासून सगळं हलतं. त्या म्हणतात, "खांदे कानांपासून लांब ठेवा." माझे लांब आहेत की नाहीत, हे मला कोण सांगणार? त्या मला दिसतात, मी त्यांना दिसत नाही.

घरी एकटीने करणारे तुम्ही लोक हे कसं सांभाळता?

दादरकर

योग गुरूसमोर बसूनच शिकायचा असतो. व्हिडिओवरून पोहायला शिकता येईल का? मनगटाने तुम्हाला उत्तर दिलं आहे.

चाफेकळी

दादरकर, पोहण्यात माणूस बुडतो. चटईवर बुडत नाही.

मी २०२० च्या टाळेबंदीत सुरुवात केली. तेव्हा वर्ग नव्हतेच, व्हिडिओ नसते तर कधी सुरूच केलं नसतं. मुलगी दीड वर्षाची होती, ती झोपली की वीस मिनिटं मिळायची. वर्गात जायचं म्हणजे वेळ, फी, रिक्षा आणि मुलीला कुणाकडे तरी ठेवणं. आज मुलगी शाळेत जाते, मी अजून व्हिडिओवरच करते आणि मला एकदाही दुखापत झालेली नाही. मी कधी घाई केली नाही, हे त्याचं कारण. सहा महिने फक्त ताडासन, वृक्षासन, मार्जारासन, भुजंगासन, शवासन एवढंच. सूर्यनमस्काराला सातव्या महिन्यात हात घातला, तोही तीनच.

वाशिष्ठीताई, बारा हा आकडा तुमचा आहे की व्हिडिओतल्या बाईंचा?

वाशिष्ठी

बाईंचाच. पहिल्या दिवसापासून बारा. त्या थांबल्या नाहीत म्हणून मीही थांबले नाही.

मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न बघता निदान करत नाही, पण मनगटाची ही तक्रार घेऊन येणारे बरेच जण सूर्यनमस्कार घालणारे असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पर्वतासनात, सूर्यनमस्कारातल्या दंडासनात (तळहात आणि चवड्यांवर अंग सरळ) मनगट जवळपास काटकोनात मागे वाकतं आणि त्या स्थितीत त्यावर अंगाचं वजन येतं. दिवसभर कीबोर्ड, घरी कणीक मळणं, धुणं पिळणं, आणि पहाटे हे. सूर्यनमस्कारात एका फेरीत तळहात जमिनीला टेकलेले असण्याची स्थिती बराच वेळ टिकते. गुणिले बारा.

बहुतेकांचं वजन तळहाताच्या मागच्या भागावर, करंगळीच्या बाजूला जातं. उद्या एक करून बघा. चटईवर गुडघे टेकून मांजरीसारख्या व्हा, दोन्ही हातांची बोटं पसरा आणि तर्जनीच्या मुळाशी जो उंचवटा आहे तो जमिनीत दाबा. अंगठ्याचा पायाही दाबा. मनगटाच्या मागच्या कडेवरचा भार लगेच हलका झालेला जाणवेल. मग टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तळहाताच्या मागच्या भागाखाली ठेवा. मनगटाचा कोन कमी होतो. तरीही दुखलं तर मुठी टेकून किंवा कोपरापासून पुढचा हात टेकून करा. आणि तूर्त दोन आठवडे सूर्यनमस्कार बंद. बाकी सगळं चालू ठेवा.

आता महत्त्वाचं. रात्री हाताला मुंग्या येतात का? अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं का? हात झटकला की बरं वाटतं का? याचं उत्तर 'हो' असेल तर नुसत्या टॉवेलवर विसंबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

कोयनाकाठ

"तर्जनीच्या मुळाशी जो उंचवटा आहे तो दाबा." मणकाताई, वाचता वाचता खुर्चीतून उठून करून बघितलं. चार वर्षांत एकाही व्हिडिओत हे कानावर पडलं नव्हतं. किंवा पडलं असेल, पण तेव्हा मी पुढच्या आसनात असेन.

मास्तर_नागपूर

माझं वय ७१. निवृत्त शिक्षक. या विषयावर थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

व्हिडिओ आज आले, पण न बघणाऱ्या गुरूकडून शिकणं जुनंच आहे बरं का. आमच्या काळी दूरदर्शनवर धीरेंद्र ब्रह्मचारी योगासनं दाखवायचे. अख्ख्या वस्तीत एक टीव्ही, त्याच्यासमोर आम्ही सात-आठ जण सतरंजीवर. तिथे थांबवून मागे नेण्याची सोय नव्हती, एकदा हुकलं की हुकलं. त्याच्याही आधी पुस्तकं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' १९६६ साली आलं, त्यात सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत. मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून मिळतं. ते पुस्तक भिंतीला टेकवून आसनं करणारे किती लोक मी पाहिले! फोटो शेवटची स्थिती दाखवतो. तिथवर जायचं कसं आणि तिथून परतायचं कसं, हे फोटोत नसतं. व्हिडिओने ती उणीव भरून काढली, हे मान्यच करायला हवं.

पण मी खरा शिकलो तो नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात. तिथे योग विनामूल्य शिकवतात, विदर्भात मंडळाचे कितीतरी वर्ग चालतात. पहिल्याच आठवड्यात आमचे शिक्षक माझ्यामागे उभे राहिले आणि पश्चिमोत्तानासनात माझ्या पाठीवर नुसती दोन बोटं ठेवली. ढकललं नाही, दाबलं नाही. म्हणाले, "इथून वाका." मी तोवर पाठीच्या वरच्या भागातून कुबड काढून वाकत होतो, आणि नाक गुडघ्याला लागतं म्हणून खूश होतो. त्या दिवशी नाक गुडघ्यापासून वीतभर लांब राहिलं, पण आसन पहिल्यांदा झालं. ती दोन बोटं पन्नास वर्षं माझ्या पाठीवर आहेत.

वाशिष्ठीताई, तुम्हाला रोज वर्ग नकोच. दोन बोटं हवीत. तीही कधीमधी.

दादरकर

मास्तर, नमस्कार. माझं म्हणणं हेच होतं, फक्त तुम्ही ते नीट सांगितलंत. माझ्या पहिल्या प्रतिसादाचा सूर जरा कडक लागला, वाशिष्ठीताई, राग मानू नका.

निशिगंध_स्टुटगार्ट

मी जर्मनीत आहे. इथे वर्ग आहेत, पण मला माझ्या भाषेत सूचना ऐकायच्या असतात. "श्वास सोडत सावकाश खाली" हे मराठीत ऐकलं की अंग आपोआप सैल होतं. इतर भाषेत आधी डोक्यात अर्थ लावायचा आणि मग अंगाला सांगायचं, त्यात अर्धा श्वास जातो.

माझी अडचण डाव्या-उजव्याची होती. काही शिक्षक "उजवा पाय मागे" म्हणतात आणि स्वतःचा डावा नेतात, म्हणजे आपल्याला आरशातल्यासारखं दिसावं म्हणून. काही जण स्वतःचा उजवाच नेतात. मी दोन वेगवेगळे व्हिडिओ आलटून पालटून बघायचे आणि त्रिकोणासनात दोन्ही वेळा एकाच बाजूला वाकायचे. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हा हे लक्षात आलं. तेव्हापासून उजव्या मनगटाला लाल दोरा बांधते आणि फक्त ऐकून करते. स्क्रीनकडे बघायचंच नाही.

चाफेकळी

ऐकून करणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे! व्हिडिओ आधी एकदा खुर्चीत बसून पूर्ण बघायचा, चहा घेत. दुसऱ्यांदा वहीत क्रम उतरवायचा. तिसऱ्या दिवसापासून मोबाइल पालथा ठेवून नुसता आवाज. मान वर करून बघायची सवय सुटते आणि मानदुखीही.

शवासनात मध्येच जाहिरात लागते ती मात्र कुणीतरी थांबवा हो. परवा डोळे मिटून पडले होते, पोटऱ्या सैल, मांड्या सैल, आणि कानाशी एकदम बोअरवेलच्या मोटारीची जाहिरात.

कोयनाकाठ

आमच्याकडे सिमेंटची होती. मोबाइलवर व्हिडिओ आधी उतरवून ठेवता येत असेल तर तसं करा आणि इंटरनेट बंद करून लावा. फोनही वाजत नाही.

सदाशिव_पेठ

घरी करणाऱ्यांसाठी अय्यंगारांच्या पद्धतीत फार मोठी शिदोरी आहे, ती कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. ते १९३७ साली अठराव्या वर्षी पुण्यात आले, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला. गुरू कृष्णमाचार्यांकडे त्यांना प्रत्यक्ष शिकायला फार थोडा काळ मिळाला होता. पुण्यात ते एकटे पडले आणि रोज तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर काम करत शिकले. म्हणजे समोर गुरू नसताना शिकण्याचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता.

त्यातूनच पुढे त्यांनी ठोकळे, पट्टे, दोऱ्या, लोड, खुर्ची, भिंत हे सगळं आसनात आणलं. मॉडेल कॉलनीत १९७५ पासून संस्था आहे, तिथे भिंतीला दोऱ्या लटकलेल्या दिसतात. त्या साधनांचं खरं काम काय, तर ती तुम्हाला सांगतात. भिंतीला पाठ लावून त्रिकोणासन केलंत की कुल्ला भिंतीपासून सुटला हे भिंत सांगते. त्याला माणूस लागत नाही.

घरात हे सगळं असतं. जुनी ओढणी म्हणजे पट्टा. चार जाड पुस्तकं सुतळीने करकचून बांधली की ठोकळा. घोंगडीच्या चार घड्या सर्वांगासनात खांद्यांखाली घातल्या की मानेवरचा भार उतरतो. पर्वतासनासाठी तर हात जमिनीवर नकोतच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा आणि मागे सरका. पाठ तेवढीच लांब होते आणि मनगटावर वजन जवळजवळ येत नाही.

मणका

ओट्यावरचं पर्वतासन, उत्तम. वाशिष्ठीताई, दोन आठवडे हेच करा. ओटा ओला नसू द्या.

दादरकर

सदाशिव पेठ, अय्यंगारांचं उदाहरण इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. ते दिवसाचे आठ-दहा तास त्यात घालवत होते आणि चुकांची किंमत स्वतःच्या अंगावर मोजत होते. नोकरी सांभाळून पाऊण तास करणाऱ्या बाईने त्या वाटेने का जावं? त्यांनी सोसलं म्हणून तर आपल्याला शिक्षक मिळाले.

सदाशिव_पेठ

हे मान्य. म्हणूनच तर भिंत आणि ओढणी वापरा म्हणतो, प्रयोग करा म्हणत नाही.

ओवी

थोडं विषयांतर. सूर्यनमस्कार हा मुळात योगाचा भाग आहे का? आमच्या आजोबांच्या तालमीत सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घालायचे, दंड-बैठकांबरोबर. योगवाले त्याला कधीपासून आपलं म्हणायला लागले?

मास्तर_नागपूर

चांगला प्रश्न. हठयोगाचे जुने ग्रंथ बघा: हठप्रदीपिकेत पंधरा आसनं सांगितली आहेत, घेरंडसंहितेत बत्तीस. सूर्यनमस्काराची ही साखळी दोन्हीत नाही. आपल्याकडे सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत नेण्याचं मोठं श्रेय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं. ते स्वतः नेमाने घालत आणि संस्थानातल्या शाळांतून त्यांनी तो सुरू केला. त्यांचा भर आरोग्यावर आणि व्यायामावर होता. म्हणजे तुमच्या आजोबांची तालीम आणि औंधचे राजे एकाच बाजूला.

आणि हा केवळ माहितीचा मुद्दा नाही. व्यायाम म्हणून घालायचा तर वेग आणि आकडा आलाच. आसन म्हणून करायचं तर पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्‌' लागू. स्थिर आणि सुखाचं. दुखऱ्या मनगटाने बारा पूर्ण करणं यात दोन्ही नाही. बहुतेक व्हिडिओंत या दोन गोष्टींची सरमिसळ असते: वेग तालमीचा आणि शब्द योगाचे.

ओवी

हे फार पटलं. आणखी एक, नावांचा गोंधळ. एका व्हिडिओत वज्रासन म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसणं. आमच्या घरी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, तिथे सहाव्या अध्यायात वज्रासन येतं, ते वाचून तसं मुळीच वाटत नाही.

मास्तर_नागपूर

नाहीच ते. सहाव्या अध्यायात टाचेने शिवणीचा (गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या मधला) भाग दाबून बसण्याचं वर्णन आहे. माउली त्याला मूळबंध म्हणतात आणि वज्रासन हे त्याचं गौण नाव सांगतात. हठप्रदीपिकेतही सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात असा उल्लेख आहे. जेवणानंतर आपण बसतो ते निराळं. म्हणून व्हिडिओ शोधताना नावावर जाऊ नका, शरीराची ठेवण बघा.

रानवारा

मी कोल्हापूरचा. सगळे मनगटावर बोलताय, मी वडिलांचं सांगतो, कारण ते मनातून जात नाही.

वडील ६८ वर्षांचे. टीव्हीवर बघून कपालभाती करायचे, जोरात, पाचपाचशे ठोके. मागच्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जड उचलू नका एवढं सांगितलं होतं, कपालभातीचं कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आम्हाला ते 'नुसता श्वास' वाटायचं. दीड महिन्याने त्यांनी परत सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आतून ओढल्यासारखं झालं, घाम फुटला. परत दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या भिंतीवर प्रत्येक ठोक्याला दाब येतो, हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. नशिबाने परत फाडावं लागलं नाही.

त्या कार्यक्रमात सुरुवातीला खाली पट्टी येते म्हणे, कुणी करू नये याची. वडिलांना चष्म्याशिवाय ती दिसत नाही, आणि कपालभातीला चष्मा काढून बसतात.

वर्गात शिक्षक पहिल्या दिवशी विचारतो: ऑपरेशन झालंय का, बीपी आहे का. व्हिडिओ कुणालाच काही विचारत नाही. ते आपलं आपल्याला विचारायला पाहिजे.

मणका

रानवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वडिलांना जपा.

घरी करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवा. बीपी जास्त असेल, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, हर्निया असेल, गरोदरपण असेल तर जोराची कपालभाती नको. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन, अगदी डोकं खाली जाणारी पर्वतासनासारखी आसनंही डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण डोकं खाली झालं की डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं मणक्यांना धोक्याचं. साठीच्या पुढच्या बायका पश्चिमोत्तानासन जोर लावून करतात आणि मग मणक्याला बारीक फ्रॅक्चर घेऊन येतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि मणक्यांमधल्या चकतीचा त्रास होऊन पायात कळ जात असेल तर पुढे वाकण्याच्या आसनांचे व्हिडिओ तूर्त बंदच ठेवा.

शीर्षासन कुणीही व्हिडिओवरून पहिल्यांदा करू नये. यावर मी वाद घालणार नाही.

दादरकर

यावर माझंही अनुमोदन.

चाफेकळी

माझंही. दादरकर आणि मी एकाच बाजूला आलो, तारीख लिहून ठेवा.

कोयनाकाठ

वाशिष्ठीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. "आपलं चुकतंय हे कळणार कसं?" मी जे करतो ते सांगतो.

महिन्यातून एकदा, रविवारी, मोबाइल समोर ठेवण्याऐवजी बाजूला, दाराच्या चौकटीला टेकवून ठेवतो आणि स्वतःचं चित्रण करतो. दहा मिनिटं पुरतात. समोरून काढलं तर कळत नाही, पाठ आणि मान बाजूनेच दिसते. मग शिक्षकांचा व्हिडिओ त्याच आसनावर थांबवून शेजारी ठेवून बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा भुजंगासनात माझे खांदे कानाला चिकटलेले होते आणि कोपरं सरळ ताठ. आतून मात्र मला पक्कं वाटत होतं की कोपरं वाकलेली आहेत. शरीराला आतून जे वाटतं आणि बाहेरून जे असतं, त्यात एवढा फरक असतो हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

व्हिडिओचा वेगही कमी करता येतो. मी पाऊणपट ठेवतो. शिक्षकांचा आवाज जरा जड होतो, पण श्वास पुरतो.

निशिगंध_स्टुटगार्ट

बाजूने चित्रण करण्याचं उद्याच करते. हे इतकी वर्षं सुचलं कसं नाही!

सदाशिव_पेठ

शिक्षक निवडण्याबद्दल एक. व्हिडिओत शिक्षक स्वतः किती लवचिक आहे हे बघू नका. तो कुणाला तरी शिकवताना दिसतो का ते बघा. जाड, वयस्क, कडक अंगाच्या माणसाला समोर घेऊन "तुम्हाला इथवर जात नसेल तर असं करा" म्हणणारा शिक्षक घरच्या माणसाला उपयोगाचा. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटचे किंवा लोणावळ्याच्या कैवल्यधामचे व्हिडिओ मला त्या दृष्टीने बरे वाटतात, संथ असतात. कैवल्यधामात तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून आसन-प्राणायामाचे शरीरावर परिणाम मोजून बघायला सुरुवात केली होती. घाई हा त्या परंपरेचा स्वभावच नाही.

ओवी

वाशिष्ठीताई कुठे आहेत? मनगट कसं आहे?

वाशिष्ठी

आहे, आहे. तीन आठवड्यांनी येते आहे, क्षमा करा. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले.

मणकाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. रात्री अडीच-तीनला अंगठा आणि दोन बोटं बधिर व्हायची, मी उठून हात झटकायचे. ते मी वयाचं म्हणून सोडून दिलं होतं, इथे लिहायलाही सुचलं नाही. तुमचं वाचून चिपळूणला डॉक्टरांना दाखवलं. मनगटात शीर दबते आहे म्हणाले, सुरुवात आहे. रात्री मनगट सरळ ठेवायला पट्टी दिली आहे, थायरॉईड आणि साखर तपासायला सांगितली. थायरॉईड थोडं वाढलेलं निघालं. म्हणजे दोष नुसता सूर्यनमस्काराचा नव्हता, पण बारा-बारा घालून मी रोज त्यावर भर घालत होते. पट्टीने आता रात्रीची झोप मोडत नाही.

सूर्यनमस्कार बंद आहेत. पर्वतासन ओट्यावर करते. ओटा पुसून.

कोयनाकाठ, दाराच्या चौकटीला मोबाइल लावून बघितलं. पर्वतासनात माझी पाठ सरळ नव्हतीच, कमान होती. टाचा टेकवायच्या नादात पाठ गोल आणि सगळं वजन हातांवर. गुडघे जरा वाकवले, टाचा उचलल्या, तर पाठ एकदम लांब झाली. आठ महिने मी "टाचा जमिनीला" एवढंच ऐकत होते.

आणि मास्तर, दोन बोटांचं. ते चित्रण मी जेवणानंतर बघत होते, सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या ७८ वर्षांच्या आहेत, योगासन कधी केलं नाही. बघता बघता म्हणाल्या, "तू खाली जाताना श्वास धरून ठेवतेस गं. रोज ऐकते मी. जप करताना कळतं, तुझा श्वास मध्येच बंद होतो." आठ महिने त्या तीन फुटांवर बसलेल्या होत्या आणि मी कधी विचारलं नाही.

आता मी करताना त्या जप आणि माझा श्वास, दोन्हीकडे लक्ष ठेवतात. श्वास अडला की माळ थांबवून "सोड" म्हणतात.

मास्तर_नागपूर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मणका

थायरॉईडच्या गोळ्या वेळेवर घ्या, आणि पट्टी बरं वाटलं म्हणून आठवड्याने काढून ठेवू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा. सूर्यनमस्कार परत सुरू करताना तीनपासून, आणि आधी मुठी टेकवून.

दादरकर

ताई, मे महिन्यात शाळेला सुट्टी असेल. तेव्हा चिपळूणच्या एखाद्या वर्गाला आठ-दहा दिवस जाता येईल का? तुमच्या एस्टीचं वेळापत्रक उन्हाळ्यात बदलतं का बघा. तेवढ्यात पाठीवर हात ठेवणारा एकदा भेटेल, मग वर्षभर व्हिडिओ चालू द्या.

वाशिष्ठी

दादरकर, मी विचारलं आहे. सुट्टीत संध्याकाळचा एक वर्ग असतो, साडेपाचचा. सासूबाई म्हणतात, मीही येते, खुर्चीवर बसून बघेन. त्यांच्यासाठी खुर्चीवरची काही आसनं असतील तर सदाशिव पेठ, सांगाल का? गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. हे सगळं आधीच सांगितलेलं बरं.